वेस, जकात, टोल

कोल्हापूरच्या बिंदू चौकात सबजेलला लागून काळ्या दगडांचा बुरूज आणि तटाचा एक तुकडा अजून उभा आहे. त्याच्या अंगाखांद्यावरून रिक्षा, दुचाक्या आणि महापालिकेच्या केएमटीच्या बस दिवसभर जातात. अंबाबाईच्या दर्शनाला आलेली परगावची गाडी पार्किंगच्या शोधात त्याच बुरजाखाली घुटमळत असते. एकेकाळी शहर इथे संपत होतं. तटाबाहेर खंदक होता, तटाला सहा वेशी होत्या, आणि मुंबई इलाख्याच्या १८८६ च्या गॅझेटिअरात त्यांची नोंद आहे. गंगावेश, रंकाळावेश, वरुणतीर्थ वेश ही नावं आज पत्त्यात उरली आहेत, दरवाजे कधीच गेले. डिसेंबर १८५७ मध्ये बंडवाल्यांनी वेशी लावून घेतल्या, तेव्हा इंग्रजांच्या कर्नल जेकबच्या फौजेला वेस फोडूनच आत यावं लागलं होतं. कोण आत येतो, काय घेऊन येतो आणि काय देऊन येतो, या तिन्ही प्रश्नांचा निकाल वेशीवर लागे. कोल्हापूरच्या वाहतुकीचा इतिहास सांगायचा तर लोक पुलापासून किंवा रेल्वेपासून सुरुवात करतात. माझ्या मते तो वेशीपासून सुरू होतो. या शहराला रस्ता कसा बांधायचा हे कोडं फारसं पडलं नाही. रस्त्याचे पैसे कोणी द्यायचे आणि कुठे उभं राहून घ्यायचे, इथे मात्र ते वारंवार अडलं. उत्तर पिढ्यान् पिढ्या एकच निघालं: हद्दीवर, येणाऱ्याकडून. २००८ साली देशाला नवा नमुना म्हणून दाखवलेली टोलची योजना याच जुन्या उत्तराची शेवटची आवृत्ती होती, आणि ती फसली ती शहराला ‘आत’ आणि ‘बाहेर’ असं काही उरलं नव्हतं म्हणून.

जुन्या व्यवस्थेत अक्कल नव्हती असं मात्र नाही. मराठी राज्यात मालावरच्या जकातीचे प्रकार ठरलेले होते. माल जिथे भरला तिथे घ्यायचं ते थळभरीत, जिथे विकला तिथे घ्यायचं ते थळमोड. माणसाच्या चालण्यावर कर नव्हता, कर होता तो ओझ्यावर. बैलाच्या पाठीवर किंवा गाडीत काय आहे हे पाहून रक्कम ठरायची, आणि ते पाहायला वेशीइतकी सोयीची जागा दुसरी नाही, कारण तिथून वाकड्या वाटेने जाता येत नाही. तटाच्या आतली रचनाही आजच्या वाहतूक अभियंत्याने टोपी काढावी अशी होती, जरी ती कोणी कागदावर आखलेली नसली तरी. कोल्हापुरी बोलीत तीन रस्ते मिळतात त्या जागेला ‘तिकटी’ म्हणतात: मिरजकर तिकटी, पापाची तिकटी. चार रस्ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे वाहनांच्या वाटा एकमेकींना ३२ ठिकाणी भिडू शकतात, तीन रस्त्यांच्या जोडावर फक्त ९ ठिकाणी, हे वाहतूकशास्त्राच्या पहिल्या धड्यात शिकवतात. पेठांमधल्या वाकड्यातिकड्या गल्ल्यांना आपण मागासलेपण समजतो. पण सरळ चौक टाळून तिकट्यांनी विणलेल्या त्या गावात बैलगाडी, पालखी आणि पाणक्या यांची गाठ पडली तरी कोणी कोणाच्या अंगावर धावून येत नसे. मोटार आल्यावर हिशेब बिघडला, आणि त्याचा दोष तिकटीकडे जात नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तट आणि खंदक शहराच्या आड येऊ लागले. ब्रह्मपुरीजवळ पंचगंगेवर दगडी कमानींचा पूल बांधला गेला, तोच आजचा शिवाजी पूल. पन्हाळा आणि रत्नागिरीकडचा रस्ता त्यामुळे बारमाही झाला. मग रेल्वे. ३ मे १८८८ रोजी मिरज–कोल्हापूर मार्गाच्या कामाचा आरंभ तरुण शाहू महाराजांच्या हस्ते झाला, आणि १८९१ मध्ये गाडी कोल्हापुरात आली. हा मार्ग संस्थानाच्या मालकीचा होता, चालवायला सदर्न मराठा रेल्वेकडे दिलेला. म्हणजे खर्च दरबाराचा आणि वसुली तिकिटातून, वेशीवर उभं राहून नव्हे. कोल्हापूरच्या इतिहासात वाहतुकीचा मोठा खर्च हद्दीवरच्या वसुलीविना उभा राहिल्याची ही ठळक घटना आहे, आणि तिचं फळही लगेच दिसलं. स्टेशनाच्या अंगाला १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली गेली. गुळाच्या गाड्या तिथे थांबू लागल्या, आणि जुन्या तटाच्या बाहेर एक दुसरं शहर उभं राहिलं ज्याला वेसच नव्हती. पुढे राजारामपुरी झाली, तीही आखीव, गल्ल्यांना नावांऐवजी नंबर. पहिली गल्ली, पाचवी गल्ली, तेरावी गल्ली असा पत्ता सांगणाऱ्या माणसाला आपण एका नगररचनाकाराचा नकाशा तोंडपाठ म्हणत आहोत याची जाणीव नसते. तंत्र या शहराला अडवत नाही, याचा अलीकडचा दाखलाही त्याच शिवाजी पुलापाशी आहे. शेजारच्या पर्यायी पुलाचं काम बरंच पुढे गेलेलं असताना पुरातत्त्वाचा कायदा आडवा आला, कारण ब्रह्मपुरीची टेकडी संरक्षित आहे. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री मिनीबस जुन्या पुलावरून नदीत कोसळून १३ जण गेले. नवा पूल खुला व्हायला २०१९ उजाडलं.

तट गेला, पण वसुलीची रीत गेली नाही. ती नाक्यावर आली. कोल्हापूरची नगरपालिका १८५४ ची, आणि तेव्हापासून दीडशे वर्षं देशातल्या बहुतेक नगरपालिकांप्रमाणे तिच्या कमाईचा मोठा भाग जकातीचा. जकात नाका ज्यांनी पाहिला नाही त्या पिढीला तो समजावून सांगावा लागेल. रस्त्याच्या कडेला पत्र्याची खोली, आडवा बांबू, एका ओळीत उभे ट्रक. क्लिनर बिल्टी घेऊन उतरतो, नाक्यावरचा कारकून मालाचा प्रकार आणि वजन बघतो, ताडपत्रीचं टोक वर करून एक नजर टाकतो, दर लावतो, पावती फाडतो. माल शहरात उतरणार नसेल आणि गाडी नुसतीच पार जाणार असेल तर तिचा वेगळा कागद, दुसऱ्या टोकाच्या नाक्यावर दाखवायचा. ट्रकवाला वैतागे, हुंडेकरी मध्यस्थी करी. वेळेचा आणि डिझेलचा चुराडा होई. अर्थशास्त्रज्ञांनी या कराला नावं ठेवली ती उगीच नाही. तरीही कोल्हापूरकर माणूस जकातीविरुद्ध रस्त्यावर उतरल्याचं फारसं ऐकिवात नाही. कारण सोपं आहे. त्याला वाटायचं, पैसे बाहेरचा ट्रकवाला देतो. खरं तर ते शेवटी साखरेच्या आणि सिमेंटच्या भावात मिसळून त्याच्याच खिशातून जात होते. पण ते दिसत नव्हतं, आणि जमा कुठे होतं तर आपल्याच पालिकेच्या तिजोरीत, जिथे आपला नगरसेवक बसतो. नाक्याचा सारा डोलारा या दोन आधारांवर उभा होता: देणारा परका वाटला पाहिजे, आणि घेणारा आपला.

नाका शहराबरोबर सरकत गेला हेही ध्यानात घेण्यासारखं आहे. ताराराणी चौकाला जुने लोक अजून कावळा नाका म्हणतात. नावावरून पाहिलं तर कधीकाळी तिथे शहराची कड असावी. आज तो पार मध्यात आहे, आणि घोड्यावरच्या ताराराणीच्या पुतळ्याभोवती चारी बाजूंची वाहनं फिरतात. त्यापुढचं कडं शिरोली नाका, शाहू नाका, फुलेवाडी नाका, कळंबा नाका यांचं. झाडाच्या खोडातल्या वलयांवरून वय मोजावं तसं वेस, कावळा नाका, शिरोली नाका अशी तीन वलयं मोजून शहराची वाढ सांगता येते. (मुंबईत नाका म्हणजे नुसता चौक. कोल्हापुरात या शब्दाला अजून पावतीचा वास आहे.)

हे सरकणं १९७२ मध्ये थांबलं. त्या वर्षी नगरपालिकेची महानगरपालिका झाली, आणि त्यानंतर कित्येक दशकं तिची हद्द जिथल्या तिथे राहिली. क्षेत्र सुमारे ६७ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत या क्षेत्रात ५ लाख ४९ हजार माणसं मोजली गेली, पण शहर म्हणून जगणारी माणसं त्याहून कितीतरी जास्त. पाचगाव, उचगाव, कळंबा, सरनोबतवाडी इथे घर, शहरात नोकरी आणि शाळा. उलट दिशेलाही तेच. शिरोली आणि गोकुळ शिरगाव या दोन्ही औद्योगिक वसाहती हद्दीबाहेर, पुढची कागल–हातकणंगलेची पंचतारांकित वसाहत तर आणखी लांब. शहरातला फौंड्री कामगार रोज सकाळी हद्द ओलांडून बाहेर जातो आणि संध्याकाळी परततो. शिरोलीच्या भट्टीत ओतलेलं कास्टिंग टेम्पोत घालून मशिनिंगला शिवाजी उद्यमनगरात आणायचं आणि तयार झालेला जॉब पुन्हा बाहेर न्यायचा, हा इथल्या धंद्याचा रोजचा श्वास. त्या टेम्पोवाल्याला शहराची हद्द कुठे आहे हे विचारलं तर तो हसेल. सार्वजनिक वाहतुकीनेही हद्द कधी मानली नाही. केएमटी १९६२ मध्ये सुरू झाली आणि तिच्या बस लवकरच भोवतालच्या गावांत जाऊ लागल्या. जिथे बस पोचत नाही किंवा वेळेवर येत नाही तिथे वडाप. जीप भरली की सुटणार, वेळापत्रक नाही, थांबा हात दाखवाल तिथे. वडापला कायद्याने नाकं मुरडली, पण मागणी असेल तिथे आणि असेल तेव्हा गाडी, हे जे मोबाइलवरच्या कंपन्या आज नवा शोध म्हणून विकतात, ते पश्चिम महाराष्ट्रातला जीपवाला कित्येक वर्षं करत आला आहे.

आता २००८ कडे येऊ. रस्ते खड्ड्यांत होते, हे टोलचे कट्टर विरोधकही नाकारणार नाहीत. आणि जकातीचे दिवस भरत आले होते. राज्यातल्या छोट्या नगरपालिकांची जकात १९९९ मध्येच गेली होती, महापालिकांमध्येही २०१० नंतर तिच्या जागी टप्प्याटप्प्याने स्थानिक संस्था कर (एलबीटी) येणार होता. अशा वेळी महापालिका, राज्य रस्ते विकास महामंडळ आणि आयआरबी कंपनी यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. नाव एकात्मिक रस्ते विकास प्रकल्प. शहरातले सुमारे ५० किलोमीटर रस्ते, खर्च २२० कोटी, पैसा कंपनीचा. त्या बदल्यात ३० वर्षं टोल, शिवाय टेंबलाईवाडीजवळचा ३० हजार चौरस मीटरचा भूखंड ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. बांधा, वापरा, हस्तांतरित करा ही पद्धत तोवर महामार्ग आणि मोठ्या पुलांना लावली जात होती. एका मध्यम शहराच्या पोटातल्या रस्त्यांचं जाळंच त्या पद्धतीने उभारणं हे नवं होतं, आणि ज्यांनी ते आखलं त्यांना त्याचा अभिमान होता. महापालिकेच्या तिजोरीतून एक रुपया न जाता काँक्रीटचे रस्ते, पदपथ, गटारं आणि दिवे मिळणार असतील तर कोणाला नको? कागदावर तर्क निर्दोष दिसत होता. रस्ते शहरातले, पण वसुली शहराच्या नऊ प्रवेशांवर: शिरोली, शाहू नाका, उचगाव, सरनोबतवाडी, आर. के. नगर, कळंबा, पुईखडी, फुलेवाडी, शिये. ही यादी पुन्हा वाचावी. शिरोली, शाहू नाका, कळंबा, फुलेवाडी ही जकात नाक्यांचीच नावं. नव्या योजनेने वसुलीसाठी नवी जागा शोधलीच नाही, जुन्या वेशीवर नवा बूथ बांधला.

बूथ मात्र वेगळ्या माणसाला थांबवत होता. जकात मालाला लागे, टोल वाहनाला. पाचगावहून मुलीला शाळेत सोडायला निघालेली चारचाकी आता ‘बाहेरची’ ठरली, आणि राजारामपुरीतून गोकुळ शिरगावच्या कारखान्यात जाऊन घरी परतणारा उद्योजकही. घेणारा हातही पालिकेचा राहिला नव्हता, पावतीवर कंपनीचं नाव होतं. ज्या दोन आधारांवर नाका दीडशे वर्षं उभा होता, ते दोन्ही एकाच दिवशी निघाले. विरोध बूथ चालू होण्याआधीपासूनच पेटला होता. प्रा. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारख्या ज्येष्ठांनी सर्वपक्षीय कृती समितीत उभं राहून ‘टोल देणार नाही’ ही एका ओळीची भूमिका घेतली, आणि मोर्चांना व्यापारी, रिक्षावाले, तालमींची पोरं, वकील, गृहिणी असे सगळे आले. ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली, जानेवारी २०१४ मध्ये नाक्यांची तोडफोड झाली आणि काही बूथ पेटले. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने वसुलीला स्थगिती दिली, सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली, वसुली पोलीस बंदोबस्तात पुन्हा सुरू झाली. फेब्रुवारी २०१५ मध्ये पानसरे यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. टोलचा शेवट पाहायला ते राहिले नाहीत. २०१५ संपता संपता सरकारने टोल रद्द केल्याचं जाहीर केलं, आणि कंपनीला द्यायची रक्कम, साडेचारशे कोटींहून अधिक, राज्याने उचलली.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: कोल्हापूरकरांना सगळं फुकट पाहिजे. रस्ते हवेत, पैसे नकोत. हा आक्षेप पुरावा पाहून केलेला नाही. याच शहरातली गाडी पुण्याला निघाली की किणीच्या नाक्यावर टोल भरते, पुढे तासवडेला पुन्हा भरते. तिथेही तक्रारी होतात, रांगेत शिव्या घातल्या जातात, पण शहर बंद ठेवून कोणी महामार्गाच्या टोलविरुद्ध वर्षानुवर्षं लढलं नाही. फरक रकमेचा नाही. किणीला जो थांबतो तो खरोखर प्रवासाला निघालेला असतो, त्याला जाण्याचं ठिकाण आणि परतण्याचं घर यांत अंतर असतं. कळंब्याच्या बूथवर थांबणारा माणूस घरातच एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात होता. स्वतःच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर कोणी पावतीपुस्तक घेऊन बसलं तर रक्कम चार आणे असली तरी माणूस भांडणारच.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे, आणि तो कृती समितीनेच नकळत पुरवलेला आहे. समितीचा रोख हद्दीवर नव्हता. कामं अर्धवट आहेत, दर्जा नाही, जलवाहिन्या आणि केबल न हलवताच वर काँक्रीट ओतलं, करार जनतेला अंधारात ठेवून झाला, भूखंड पाण्याच्या भावात दिला, हे तिचे मुद्दे. मग हद्दीचा सिद्धांत मागाहून चिकटवलेला नाही का? रस्ते उत्तम झाले असते तर टोल टिकला नसता का? मला वाटतं, काही काळ टिकला असता, जास्त नाही. दर्जाच्या तक्रारीवरचा उपाय दर्जा सुधारणं हा असतो, आणि वाटाघाटीत त्या दिशेने वाटा निघतही होत्या: फेरमूल्यांकन करा, कामं पुरी करा, स्थानिकांना सवलत द्या. आंदोलन त्या वाटांनी गेलं नाही. ते शेवटपर्यंत ‘देणार नाही’ वर थांबलं. सवलतीचा प्रस्ताव तर या प्रश्नाची गाठच उकलून दाखवतो. ‘स्थानिक’ म्हणजे कोण? हद्दीतला? मग पाचगावचा काय? एमएच ०९ च्या पाटीचा? मग ती पाटी तेव्हा सगळ्या जिल्ह्याची होती, चंदगड आणि शाहूवाडीचीसुद्धा. ज्या शहराला आपला माणूस ओळखायला आरटीओची पाटी लागते, त्याची हद्द नकाशावर उरली आहे आणि जमिनीवर पुसली गेली आहे.

तिसरा आक्षेप परदेशातून येतो. सिंगापूरने १९७५ पासून शहराच्या मध्यात यायला परवाना लावला, गाडीच्या काचेवर कागद चिकटवून. लंडनने फेब्रुवारी २००३ मध्ये रोज ५ पौंडांचा गर्दीकर बसवला. स्टॉकहोमने २००६ मध्ये सात महिने प्रयोग केला, आधी लोक विरोधात होते, मग सप्टेंबरच्या जनमतात शहराने बाजूने कौल दिला. ही तर सगळी शहराच्या पोटातली, रहिवाशांवरचीच वसुली. मग तिथे चालतं ते इथे का नाही? कारण ती वसुली वेगळ्या गोष्टीची आहे. तिथे पैसा घेतला जातो तो गर्दीच्या वेळी, गर्दीच्या जागी, रस्त्यावरची जागा अडवण्याबद्दल, आणि हेतू असा की काही लोकांनी गाडी घरी ठेवावी. लंडनमध्ये या पैशाचा निव्वळ भाग वाहतुकीवरच खर्च करण्याचं बंधन कायद्यात होतं. स्टॉकहोमने कर लावण्याआधी काही महिने जादा बस रस्त्यावर आणल्या. सिंगापूरने चार माणसं बसलेल्या गाडीला परवाना माफ केला होता. कोल्हापूरच्या टोलचं गणित नेमकं उलटं होतं. पहाटे तीनला रिकाम्या रस्त्यावर आलेली गाडी आणि नवरात्रात सायंकाळी सातला आलेली गाडी, दोघींना दर एकच. महाद्वार रोड आणि गुजरीत जिथे खरी कोंडी होते, तिथे आधीच आत असलेल्या गाडीला काहीच लागत नव्हतं. आणि गाड्या कमी झाल्या तर कंपनीचं नुकसान, म्हणजे ३० वर्षं रहदारी वाढत राहण्यावरच योजनेची मदार. अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९६२ मध्ये, म्हणजे केएमटी सुरू झाली त्याच वर्षी, मांडलं होतं की शहरात गर्दीच्या वेळचा रस्ता कितीही रुंद केला तरी वाहनं वाढून तो पुन्हा भरतो. कोल्हापूरचा करार या निरीक्षणाला धोका न समजता उत्पन्नाचं आश्वासन समजून लिहिला गेला. त्यात केएमटीला कुठेच जागा नव्हती.

चौथा आक्षेप मला सर्वांत जास्त टोचतो, आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. टोल गेला म्हणजे खर्च गेला नाही. तो राज्याच्या तिजोरीतून दिला गेला, म्हणजे कोल्हापूरचा रस्ता कधी पाहणार नाही अशा गडचिरोलीच्या आणि नंदुरबारच्या माणसाने त्यात वाटा उचलला. ‘बाहेरच्याने द्यावं’ हा वेशीचा जुना न्याय शेवटी जिंकलाच, फक्त वेस कोल्हापूरच्या हद्दीवरून उठून राज्याच्या हद्दीवर गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच प्रवेश नाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी मिळाली, तीही निवडणुकीच्या तोंडावर. तिथेही ठाणे आणि नवी मुंबई ‘बाहेर’ आहेत हे मानायला लोक तयार नव्हते, आणि तिथलाही भार सरकारनेच उचलायचा आहे. शाहूंच्या काळातल्या रेल्वेचा दाखला इथे कोणी देईल: तेव्हाही दरबारानेच खर्च केला होता. दाखला अर्धाच लागू पडतो. दरबाराने खर्च करून मालकी ठेवली, आणि वसुली प्रवास करणाऱ्याकडून तिकिटातून केली. २०१५ च्या सरकारने खर्च केला तो वाद मिटवायला.

हद्दीचा प्रश्न तिथेच राहिला. हद्दवाढीचे प्रस्ताव येत राहिले, शहरातल्यांनी त्यासाठी आंदोलनं केली, गावांनी घरफाळ्याच्या आणि ग्रामपंचायतीच्या भीतीने त्याविरुद्ध. २०१७ मध्ये मधली वाट म्हणून ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण निघालं. गावं ना शहरात, ना शहराबाहेर. बस त्या गावांत जाते, पाण्यावरून तंटा होतो, मुलं शहरातल्या कॉलेजात शिकतात, आणि रस्त्याचा कर कुठे भरायचा हे सर्व्हे नंबरवर ठरतं. दरम्यान त्या ५० किलोमीटर रस्त्यांचं काय झालं, ही बाब कोणाच्या भाषणात येत नाही. मूळ करारात ३० वर्षांची देखभाल कंपनीवर होती. बूथ उठले तशी तीही उठली आणि महापालिकेच्या गळ्यात आली. त्याच महापालिकेची जकात तोवर गेलेली होती आणि एलबीटीही २०१५ च्या ऑगस्टपासून बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला होता. करार पुरा झाला असता तर कळंब्याचा आणि फुलेवाडीचा बूथ २०३८ च्या आसपास उठला असता. काँक्रीटचे सांधे त्याआधीच उघडणार आहेत.